चौकटीचा कागद आणि ओली माती

आत्या गेली त्यानंतर तिची लोखंडी पेटी माझ्याकडे आली. पेटीत दोन नऊवारी लुगडी, पोस्टाची जुनी पासबुकं, चष्म्याची रिकामी घरं, आणि तळाशी जुन्या पंच्यात गुंडाळलेली एक वही. वही म्हणायची एवढंच. खरं तर जाड राखी कागदाचे ताव दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने बांधलेले. पहिल्या पानावर टाकाने काढलेल्या अक्षरांत तिचं नाव, त्याखाली 'हस्तव्यवसाय', त्याखाली १९५६. त्या वर्षी तिने बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला होता.

मी वही उघडली आणि बराच वेळ मिटू शकले नाही. घोटीव कागदाच्या घड्या घालून केलेली होडी, टोपी, पंखा, तिखटमिठाची वाटी. दोन रंगांच्या पट्ट्या एकमेकींत ओवून केलेल्या चटया, त्या तर पंधरा-सोळा प्रकारच्या. सुईने टोचून टोचून काढलेलं कमळ. पान उजेडात धरलं की कमळ चमकतं. मग तीच टोचलेली भोकं धरून रंगीत दोऱ्याने शिवलेलं बदक. मग कातरकाम, चिकटकाम, आणि अगदी शेवटी दोन पानं भेंडीच्या आणि बटाट्याच्या ठशांची. सगळं इतकं नेटकं की कडेला कुठे खळीचा डाग नाही.

मी स्वतः बावीस वर्षं बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षण वर्गात शिकवलं. अशा वह्या मी करून घेतल्या, तपासल्या, त्यांना गुण दिले. चटईची पट्टी एका बाजूला जरा सरकली तर अर्धा गुण कापला. पण हे सगळं आलं कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चटई आपली, होडी आपली, कमळ तर आपलंच. तेव्हा वहीही आपलीच असणार, असं मी गृहीत धरून चालले होते. निवृत्तीनंतर नॉर्मन ब्रॉस्टरमन यांचं 'इन्व्हेंटिंग किंडरगार्टन' हे १९९७ सालचं पुस्तक हाती आलं. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेतल्या बालोद्यान शिक्षिकांनी केलेल्या नमुनावह्यांची छायाचित्रं आहेत. ती पाहताना मी उठून पेटीतली वही आणली आणि शेजारी ठेवली. चटया त्याच होत्या. एकाआड एक, दोनआड दोन, जिन्यासारखी चढत जाणारी, मधोमध चौकोन सोडलेली. माझ्या आत्याने जर्मनीचं नावही फारसं घेतलं नसेल. पण तिच्या चटयांच्या थोरल्या बहिणी तिकडे शंभर वर्षं आधी विणल्या गेल्या होत्या.

या लेखाची सुरुवात त्या दोन उघड्या पानांपाशी झाली. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात काय द्यायचं, कागद की माती, सुई की खडू, हा प्रश्न वरवर फार लहान वाटतो. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्यावरून चांगले चांगले लोक भांडले आहेत, आणि त्या भांडणातला एक महत्त्वाचा निवाडा आपल्या डहाणूच्या टेकडीवर झाला, असं माझं मत आहे.

फ्रीडरिख फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. एवढं आपल्याकडे प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पाठ असतं. सहसा सांगितलं जात नाही ते असं, की हा माणूस तरुणपणी बर्लिनमध्ये ख्रिस्टियान वाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली स्फटिकांच्या संग्रहावर काम करत होता. मिठाचा खडा फोडला तर त्याचे पुन्हा चौकोनी खडेच होतात. निसर्ग आतून नेमक्या आकारांनी बांधलेला आहे, ही गोष्ट त्याच्या मनात खोल बसली. मुलाला त्या आतल्या बांधणीची ओळख हाताने व्हावी म्हणून त्याने दोन प्रकारची साधनं तयार केली. पहिली 'देणगी': लोकरीचे सहा रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, नळकांडं आणि घन, मग आठ तुकड्यांत विभागलेला घन, असं चढत जाणारं. देणगी हाताळायची, रचायची आणि पुन्हा होती तशी डब्यात ठेवायची. दुसरा प्रकार 'व्यवसायां'चा. यात वस्तूचं रूप कायमचं बदलतं: टोचणं, शिवणं, कागद कापणं, विणणं, घड्या घालणं, भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून सांगाडे उभे करणं, आणि माती. आत्याच्या वहीवरचा 'हस्तव्यवसाय' हा शब्द पाहिला की त्या जुन्या शब्दाची आठवण होतेच.

चित्रकलाही त्यात होती, पण ती चौकटीत. पाटीवर आखीव चौकटी कोरलेल्या असत आणि मूल त्या रेषांवरून पेन्सिल नेत असे. आधी एक घर लांबीची उभी रेघ, मग दोन घरांची, मग आडवी, मग तिरपी. गोल रेषा बऱ्याच उशिरा. मला हे वाचताना हसू आलं, कारण मूल स्वतःहून खडू धरतं तेव्हा सगळ्यात आधी काढतं ते गोल गोल गुंडाळं. ज्याने मुलांना निरखण्यात आयुष्य घातलं त्या माणसालाही स्फटिकाच्या प्रेमापायी ते गुंडाळं चौकटीबाहेर ठेवावं लागलं.

फ्रोबेलला चिल्लर समजण्याचं मात्र कारण नाही. त्याच्या आधी तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात काही बनवण्यासाठी म्हणून विचारपूर्वक सामान दिलं जातच नव्हतं. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये त्याच्या शाळांवर बंदी घातली, तीही त्याच्या पुतण्याच्या समाजवादी लिखाणाशी घोळ करून. पुढच्याच वर्षी तो गेला आणि बंदी उठली १८६० मध्ये. तोवर त्याच्या शिष्या ठोकळ्यांचे डबे घेऊन देशोदेशी पोचल्या होत्या. अमेरिकेत १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात एका आईने ते डबे पाहिले आणि मुलासाठी घेतले; तो मुलगा म्हणजे पुढचा वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. तेव्हा तो नऊ वर्षांचा घोडा झाला होता, बालोद्यानाचं वय कधीच सरलेलं. तरी ते मेपलचे ठोकळे आपल्या बोटांत राहिले असं तो म्हातारपणीही सांगत असे. त्याच १८७६ साली टोकियोत पहिलं सरकारी बालोद्यान सुरू झालं आणि जर्मन घडीकामाची तिथल्या जुन्या घडीकलेशी गाठ पडली.

आपल्याकडे हा डबा कधी आला? याचा एक पुरावा मला अनपेक्षित ठिकाणी मिळाला. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक छापलं. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतल्यामुळे ते पुढे जगभर गेलं. या पुस्तकाची कल्पना बालोद्यानाच्या आठव्या देणगीवरून सुचली, असं राव सुरुवातीलाच सांगतात. म्हणजे रंगीत चौकोनी कागदांचा तो संच तेव्हा हिंदुस्थानात पोचलेला होता, आणि एका गणित्याच्या हाती पडून त्याचं लहान मुलांशी काही देणंघेणं नसलेलं भलं झालं होतं. मला यात गंमत वाटते. फ्रोबेलच्या सामानाने मुलांचं काय केलं यावर वाद आहे. मोठ्यांचं मात्र त्याने चांगलंच केलं.

वाद सुरू झाला तो हातांवरून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत जी. स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाने बालोद्यानांतल्या बारीक कामावर टीका केली. मुलाच्या शरीरात आधी मोठे स्नायू तयार होतात, खांद्याचे, दंडाचे. बोटांच्या टोकांवरचा ताबा नंतर येतो. मग चार वर्षांच्या मुलाला सुईने भोकं पाडायला लावणं म्हणजे डोळ्यांना आणि बोटांना उलट्या क्रमाने राबवणं. पॅटी स्मिथ हिल या शिक्षिकेने हे मनावर घेतलं आणि मुलाला आत शिरता येईल एवढी घरं बांधता येतील असे मोठे ठोकळे वर्गात आणले. (याच हिलबाईंनी बहिणीबरोबर मुलांसाठी एक सकाळचं गाणं केलं होतं, त्याच चालीवर आज घरोघरी वाढदिवसाचा केक कापला जातो.) मोठा कागद, जाड खडू, जाड कुंचला, उभं राहून रंगवणं या आज आपल्याला सहज वाटणाऱ्या गोष्टी त्या वादातून रुजल्या.

आणि त्याच सुमाराला कारखान्यांनीही हात दिला. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या बिनी आणि स्मिथ कंपनीने आठ मेणखडूंची पेटी पाच सेंटना बाजारात आणली. ही कंपनी मुळात काजळी आणि औद्योगिक रंग बनवणारी. 'क्रेयोला' हे नाव मालकाच्या शिक्षिका असलेल्या बायकोने सुचवलं. मेणखडू त्याआधीही होते, पण मुलाच्या हाती बिनदिक्कत देता येतील असे, आणि स्वस्त, हे नवीन होतं. ओला रंग सांडतो, पेन्सिलीला टोक करावं लागतं, पाटी पुसली जाते. मेणखडू सांडत नाही, आणि उमटलेली रेघ राहते. रेघ राहते हे महत्त्वाचं. पाटीवरच्या पोराला उद्या काल काय काढलं ते दाखवता येत नाही.

आपल्या शाळांत पुढे घराघरांत पोचलेल्या तेलखडूंची कहाणी तर थेट एका चळवळीची आहे. जपानचा चित्रकार यामामोटो कानाए पॅरिसहून परतताना १९१६ मध्ये मॉस्कोत थांबला, तिथे त्याने मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन पाहिलं आणि तो हादरला. जपानी शाळांत तेव्हा छापील नमुन्यावरून नक्कल करायची पद्धत होती, अगदी आपल्या ड्रॉइंगच्या परीक्षांना साजेशी. १९१९ पासून त्याने मुक्त चित्रकलेची मोहीम चालवली. पण मुक्त चित्र काढायचं कशाने? तिथला मेणखडू कठीण, फिका. रंगावर रंग चढत नसे. ही अडचण ओळखून साकुरा कंपनीने १९२५ मध्ये मेण आणि तेल मिसळलेला मऊ, गडद खडू काढला. आज मोठे चित्रकारही तेलखडू वापरतात. तो जन्मला मात्र शाळकरी पोरांनी नक्कल सोडावी म्हणून. आपण तो आणला आणि मुलांना दिला आखीव चित्रं रंगवायला. या उलटापालटीवर वेगळा लेख लिहिता येईल.

मुक्त चित्राचा आद्यगुरू म्हणून नाव घेतलं जातं ते व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेकचं. विद्यार्थिदशेत तो एका सुताराच्या घरी राहत असे. त्या घरातल्या मुलांना त्याने रंग-कागद दिले आणि ती काय करतात ते बघत बसला. १८९७ मध्ये त्याने मुलांचा कलावर्ग काढला. त्याच्या वर्गात कातरकाम, ठसे, माती, भरतकाम, सगळं होतं आणि नक्कल नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर त्या मुलांची कामं इंग्लंडमध्ये दाखवली गेली आणि लोक थक्क झाले. मी त्यांच्या छापील प्रती पाहिल्या आहेत. सुंदर आहेत, जरा जास्तच सुंदर. एकीची बाहुली दुसरीच्या बाहुलीसारखी दिसते. मास्तर काही सांगत नसेल, पण मुलांना त्याला काय आवडतं ते कळत असणार. मुलांना ते नेहमी कळतं.

आता माँटेसरीबाई. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. आपल्याकडच्या बालशिक्षणावर त्यांचा ठसा सर्वांत खोल, आणि नेमक्या याच बाबतीत त्या सर्वांत कडक. मुलाला नुसता कागद आणि रंग देऊन 'काढ हवं ते' म्हणणं त्यांना पटत नसे. आधी डोळा तयार करा, हात तयार करा; चित्र मग आपोआप येईल. डोळ्यासाठी रंगपाट्या: एकाच रंगाच्या गडद ते फिक्या छटा क्रमाने लावायच्या. हातासाठी धातूच्या आकृत्या: चौकट कागदावर ठेवायची, आतून पेन्सिल फिरवायची, मग उमटलेला आकार समांतर रेघांनी भरायचा. तेच पुढे लिहिण्यात उतरतं. हे मी स्वतः वर्षानुवर्षं करून घेतलं आहे आणि रंगपाट्या लावणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरची एकाग्रता पाहिली आहे. ती खोटी नसते. तरीही, शाईचा डाग पडला म्हणून त्यातच बोट फिरवणारं मूलही तेवढंच एकाग्र असतं, आणि त्याला या पद्धतीत जागा सापडत नाही. रोममध्येच शाळा चालवणाऱ्या रूथ शॉ या अमेरिकन बाईंनी पुढे बोटांनी रंगवण्याचा खास ओला रंग तयार केला. शेणाने सारवताना बोटांच्या कमानी उठवणाऱ्या आपल्या बायकांना त्यात काही नवल वाटलं नसतं.

भावनगरला १ ऑगस्ट १९२० रोजी गिजुभाई बधेकांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या काळजीतून माँटेसरी वाचायला लागले आणि वकिली सोडून बसले. मुलांनी त्यांना 'मूछाळी मा', मिशावाली आई, म्हटलं. त्यांनी माँटेसरीची शिस्त घेतली, पण तिच्याभोवती गोष्ट, गाणं, नाटक, मातीकाम, रांगोळी अशी आपली माणसं बसवली. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे गेल्या. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर, राजकोटच्या स्त्री-प्रशिक्षण महाविद्यालयाचं प्राचार्यपद भूषवलेल्या ताराबाई गिजुभाईंच्या कामात पूर्ण शिरल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. मराठीतली 'शिक्षणपत्रिका' ताराबाईंनी चालवली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं. इथवरची गोष्ट शहरी, मध्यमवर्गीय आहे. रंगपाट्यांची पेटी विकत घेता येणाऱ्या घरांची.

आणि इथे खरी मेख आहे. फ्रोबेलचा डबा असो, माँटेसरीची पेटी असो, दोन्ही विकत घ्यावी लागतात. घोटीव कागदही विकतचाच. जोवर मुलाच्या हातातलं सामान बाजारातून येतं तोवर ज्याच्या बापाला बाजार परवडतो तेच मूल बालोद्यानात येणार. ताराबाई हे उगाच बोलल्या नाहीत. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये त्या शहर सोडून बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, गावची मुलं आली, वस्त्यांवरची आली नाहीत. तेव्हा बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, आणि मग तिथेच, अंगणातच, शाळा. या 'अंगणवाडी'चं नाव पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेने घेतलं आणि देशभर केलं. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

अंगणात पेटी नेता येत नाही. नेली तरी पहिल्या पावसात जाईल. म्हणून दोघींनी पेटी बाजूला ठेवून तिच्यामागचा विचार तेवढा उचलला. लहान-मोठं लावायला खडे आणि शिंपले, मोजायला चिंचोके, रंगांच्या छटा लावायला पानं. पोपटी कोवळं पान ते काळपट जून पान, या क्रमाने दहा पानं लावून पाहा. रंगपाट्यांपेक्षा ते अवघड आहे, कारण झाडाने छटा समान अंतरावर पाडलेल्या नसतात. रेघा ओढायला जमीन आणि काटकी. आणि माती भरपूर. आमच्या अभ्यासक्रमात हे 'कमी खर्चाची साधनं' या मथळ्याखाली शिकवलं जायचं. मीही तसंच शिकवलं. आज वाटतं, तो मथळा चूक होता. गरिबांसाठी काढलेली ती स्वस्तातली आवृत्ती नव्हती. सामान मुलाच्या घरचं असलं पाहिजे, हे त्यात म्हटलेलं होतं. मूल शाळेतून घरी गेलं तरी सामान तिथे असतंच.

शिवाय हे अंगण कुणाचं होतं ते विसरू नये. डहाणूच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. कुंचला म्हणजे टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी. दोन रंग, एक काडी, त्रिकोण-वर्तुळ-चौकोन. ज्या आकारांसाठी फ्रोबेलने पेट्या तयार केल्या ते या घरांच्या भिंतीवर नांदत होते, आणि पाटघरातली पोरं ते लिहिलं जाताना बघत वाढत होती. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर, कापडावर आणली आणि पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहराला त्या भिंती दिसल्या. लगेचच शहरातल्या बालवर्गांत वारली चित्रं छापील बाह्यरेषांसह 'रंगवण्यासाठी' आली. आम्हीही ती वापरली. पांढऱ्या पिठाच्या चित्राला आत रंग भरायला जागाच कुठे असते?

सेवाग्रामचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुढे नेता येत नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम निघाली. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये तिथे कलाशिक्षक म्हणून आले. हे पुढे कुंभारकामासाठी नावाजले गेले. त्यांनी मुलांच्या कलेवर लिहिलेलं पुस्तक हिंदीत आणि नंतर इंग्रजीत आलं, आणि माझ्या मते आपल्याकडे या विषयावर इतकं शांतपणे कुणी लिहिलेलं नाही. शिक्षकाने मुलाच्या चित्रात हात घालू नये, हे ते सांगतातच. पण साहित्य तयार करणं, माती मळणं, रंग कालवणं हे शिक्षकाचं खरं काम आहे, यावर त्यांचा भर मला जास्त मोलाचा वाटतो. माती आदल्या दिवशी भिजत घालावी लागते, चाळावी लागते, खडे वेचावे लागतात, कणकेसारखी मळावी लागते; बोटाला चिकटली तर जास्त ओली, वळताना भेगा पडल्या तर कमी. गेरू वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवायचा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर हाताला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. हे ज्याला येतं त्याच्या वर्गात मुलं काम करतात. ज्याला येत नाही तो छापील पुस्तक वाटतो.

इथे मला माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या प्रशिक्षण वर्गाला जोडून एक बालवर्ग होता. दर वर्षअखेरीला आम्ही प्रदर्शन भरवत असू. भिंतीवर मुलांची म्हणून जी कामं लागत त्यांतली निम्मी शिक्षिकांनी 'जरा नीट' केलेली असत. कापसाचा ससा, त्याला रेखीव मिशा. एका वर्षी एका मुलाने सशाला कापूस लावलाच नाही, मातीचा चिखल फासला. मी त्याचा कागद लावला नाही. पाहुणे येणार होते. त्याने प्रदर्शनाच्या दिवशी आईला घेऊन सगळ्या भिंती दोनदा फिरून पाहिल्या, आणि मी बाजूला उभी राहून ते पाहिलं. तेव्हा मी गडबडीत होते असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

संशोधनाच्या दृष्टीनेही एक गोष्ट मला सलते. जर्मनीतल्या, अमेरिकेतल्या, माझ्या आत्याच्या वह्या उरल्या. त्या सगळ्या मोठ्या बायकांनी केलेल्या आहेत. शिकाऊ शिक्षिकांनी, गुण मिळावेत म्हणून. बालोद्यानाच्या इतिहासात सर्वाधिक जपलेला ऐवज हा मुलांनी केलेलाच नाही. आणि त्याचं एक कारण अगदी साधं आहे. आमच्या वर्गात खळ दोन प्रकारची शिजायची. वह्यांसाठी मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचो, म्हणजे कसर लागत नाही; बुकबाइंडरांची ती जुनी युक्ती. पण मोरचूद विषारी. मुलं बोटं तोंडात घालतात, म्हणून त्यांच्यासाठी नुसता मैदा. पाहिजे तर बोटं चाटा. त्यांची कामं मग दोन पावसाळ्यांत झुरळं आणि कसर खाऊन टाकत. आमच्या कपाटात वह्या शाबूत राहिल्या आणि मुलांच्या गठ्ठ्यांचा भुगा झाला. मी तो स्वतः झाडून भरला आहे. पुढे कुणी आमच्या वर्गाचा इतिहास लिहिला, तर त्याला वाटेल की इथली पोरं फार टापटिपीने चटया विणत होती.

गेल्या मे महिन्यात भाचीची साडेतीन वर्षांची मुलगी राहायला आली होती. हा लेख लिहायचा म्हणून आत्याची वही टेबलावर उघडीच होती, चटयांचं पान. मी स्वयंपाकघरात गेले आणि आले तेवढ्यात तिने निळ्या-पिवळ्या चटईची एक पट्टी टोकाला धरून ओढली होती. पट्टी आली. मग दुसरी. साठीच्या पुढची ती पट्टी, बाहेरून विटलेली, पण जिथे ती दुसऱ्या पट्टीखाली झाकलेली होती तिथे तिचा निळा अगदी नवा होता. तिला तेच दिसलं होतं. एक चौकोन फिका, एक गडद. "आत आहे," ती मला म्हणाली आणि तिसरी पट्टी धरली.

मी तिला थांबवलं नाही, की मला थांबवायला जमलं नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. नंतर त्या पट्ट्या तिने बागेतल्या कुंडीच्या मातीत खोचून ठेवल्या होत्या. त्यांतल्या चार मला सापडल्या. वहीत त्या पानावर आता अर्धी चटई आहे.